दुसरं कार्ड

माझ्या नवऱ्याचा हात महाराष्ट्रात पहिला आहे. हे मी नाही म्हणत, भिंत म्हणते.

मिरजेला आमच्या हॉस्पिटलात शिरलात की समोरच मोठा पडदा दिसतो. दुर्बिणीने पित्तनलिकेचं काम करणाऱ्या राज्यातल्या प्रत्येक डॉक्टरचं नाव त्यावर आहे आणि नावापुढे आकडा. शंभर पेशंटांमागे किती जणांना त्या हातून इजा होते, तो हा आकडा. जितका लहान, तितका हात चांगला. सगळ्यात वर डॉ. भरतेश मगदूम, पावणेदोन. जत, अथणी, विजापूरहून आलेली माणसं चपला काढायच्या आधी त्या पडद्याकडे बघतात. मीही इतकी वर्षं त्याच्याच जिवावर मिरवले. लग्नकार्यात कुणी विचारलं, "मगदूम डॉक्टरांच्या मिसेस का?" तर मी म्हणायचे, "होय की, पावणेदोनवाल्यांची!" सगळे हसायचे, मी जास्त.

मला डॉक्टरी येत नाही, पण या कामातलं बरंच कळतं. कसं, तर जेवणाच्या टेबलावर. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण. यांचे विद्यार्थीही मग त्याच वेळी यायचे, अर्धी ड्युटी टाकून, धापा टाकत. मी वाढायचे आणि हे शिकवायचे. आमटीतला मसुराचा दाणा बोटावर घेऊन म्हणायचे, "लहान आतड्याच्या आत एवढंसं बोंड असतं. तोंड एक, वाटा दोन. एक वर पित्तनलिकेत जाते, दुसरी आडवी स्वादुपिंडात. खडा पहिलीत अडकलाय, म्हणून आपली तार पहिलीत जायला हवी. दुसरीत गेली की स्वादुपिंड चिडतं. एकदा टोचलं तर सोसतं. पुन्हापुन्हा टोचलं तर सुजतं, आणि मग अन्न पचवणारा त्याचा रस त्यालाच पचवायला लागतो. पोटातल्या पोटात माणूस शिजतो."

"अहो, जेवताना तरी!" मी ओरडायचे.

"म्हणून माझा नियम," हे माझ्याकडे न बघता पुढे म्हणायचे. "तार तीनदा चुकली की हात बदलायचा. दुर्बीण दुसऱ्याच्या हातात द्यायची. चौथ्यांदा तोच हात लावणारा डॉक्टर नव्हे, हट्टी माणूस. मग तो कुणी का असेना. मी असलो तरी."

पोरं माना डोलवायची. त्यात आफरीन शिकलगारही असायची. हाडकुळी, घाऱ्या डोळ्यांची, एकदा वाढलेलं निमूट खाणारी. मला ती फारशी आवडायची नाही. उगाच.

मग आलं जुळं. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलंय, पण सगळे जुळंच म्हणतात. तुमच्या पोटाचे स्कॅन घेऊन मशीन आत तुमच्या नलिकांची हुबेहूब नक्कल तयार करतं. बोंड केवढं, वाट कुठे वळते, स्वादुपिंड किती नाजूक, सगळं. दुर्बिणीच्या मुठीत सेन्सर असतात. त्यांनी प्रत्येक डॉक्टरचा हात साठवलेला असतो, म्हणजे दाब किती देतो, कुठे घाई करतो, किती वेळा चुकतो. मशीन त्या जुळ्यावर प्रत्येक हाताने हजारो वेळा खोटं ऑपरेशन करून बघतं आणि सांगतं, या बाईला या हातून इतका धोका. हात वाईट असेल तर पेशंटने मरावं का? नाही ना? मग आधीच कळू दे. मला त्यात काही गैर वाटलं नाही, कुणालाच वाटलं नाही.

कुठली केस कुणाच्या हातावर धरायची, हे ठरवायला डॉक्टरांची समिती बसली होती. सुरुवात ज्युनियर करतो, शेवट सीनियर, मग श्रेय कुणाचं? मशीनला आपलं कार्ड लावून केस उघडायची, दुसऱ्या कुणी शेवट केला तर त्याने आपलं लावून मिटवायची. लावलं की ‘टुंग’ वाजतं. समितीने ठरवलं, ज्याचं कार्ड शेवटी, त्याचीच केस. सगळी, पहिल्यापासून. ही सूचना यांची होती. घरी आल्यावर मोठ्या खुशीत सांगितली होती मला.

*

माझे डोळे पिवळे झाले ते आमच्या मोलकरणीने आधी पाहिले. मग खाज, मग थंडी वाजून ताप. स्कॅनमध्ये पित्तनलिकेत खडा निघाला. ज्या कामाने माझं घर चाललं तेच माझ्या पोटात निघालं, म्हणून मी खरं तर हसले होते.

जुळ्याने आकडे दिले. माझं बोंड तिरकं, वाट अरुंद, केस अवघड. मगदूमांच्या हातून धोका शंभरात चार. शिकलगारच्या हातून एकोणतीस.

"आफरीनला करू दे," हे म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. "काय म्हणालात?"

"नवऱ्याने बायकोचं करू नये. आणि तिचा हात चांगला आहे गं."

"चांगला आहे तर एकोणतीस कसा आला?"

हे खिडकीशी गेले. पडदा सरळ होता, तो उगाच सरळ केला.

"बोला की!"

"आकडा म्हणजे सगळं नसतं, त्रिशला."

"वा! जगाला आकडा दाखवायचा आणि बायकोला म्हणायचं आकडा म्हणजे सगळं नसतं. मला मारायचा विचार आहे का? मी नाही जायची त्या पोरीच्या हाताखाली. तुम्ही करा, नाहीतर मी पुण्याला जाते आणि तिथे सगळ्यांना सांगते, मगदूमांनी बायकोला हात लावायला नकार दिला."

असं बोलायची मला सवयच आहे. हे काहीतरी बोलणार होते, तोंडही उघडलं होतं. मी वाट बघितली. मग म्हणाले, "बरं. करतो."

तेवढ्या वेळात एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी.

*

हल्ली या कामाला पूर्ण झोपवत नाहीत. असं औषध देतात की दुखणं कळत नाही, पण ऐकू सगळं येतं, म्हणजे श्वास धरा म्हटलं की पेशंट धरतो. मला पालथं झोपवलं, मान उजवीकडे. दातांत प्लास्टिकची कडी बसवली, तिच्यातून दुर्बीण आत जाते. कडी बसली की बोलणं बंद.

"आफरीन, कार्ड उघड," यांचा आवाज आला.

टुंग.

मी म्हटलं, उघडत असतील तसं. शेवटी हे आपलं लावतील.

दुर्बीण घशातून उतरली. हे हळू आवाजात शीळ घालत होते, घरी दाढी करताना घालतात तशी. तार पुढे सरकवायचं काम शेजारी उभ्या आफरीनचं होतं. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "स्वादुपिंडात गेली, सर. पहिली."

शीळ थांबली.

"दुसरी, सर."

"दिसतंय मला."

"सर, टोक हलतंय. जरा स्थिर..."

"तू तार बघ."

मग बराच वेळ नुसता मॉनिटरचा आवाज. "तिसरी, सर," आफरीन म्हणाली. आणि मग अगदी हळू, "सर, हात बदलू?"

"गप्प राहा."

अहो, तो नियम माझ्या टेबलावर जन्मलाय! आमटी वाढता वाढता पाठ झालाय मला! खोलीत पाच-सहा माणसं होती, सगळी त्याच नियमावर शिकलेली. एकाने म्हणायला हवं होतं, सर, पुरे. पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हॉलमधल्या पडद्यावरचा आकडा होता. पहिल्या हाताला हात बदल म्हणायचं कुणी? मी ओरडायचं म्हटलं तर घशात नळी. मी डावा हात उचलला आणि तीन बोटं दाखवली. तीन! तीन झाल्या!

सिस्टर रूथने माझा हात धरला. "घाबरू नका हं मॅडम, झालंच," म्हणाली आणि प्रेमाने चादरीखाली घातला. वरून थोपटलं.

"चौथी," आफरीन म्हणाली. पुढचं तिने मोजलं नाही.

"सुरी दे. कापून वाट करतो."

"सर, सूज आलीय. आज थांबू या, बाहेरून नळी घालून पित्त काढू, दोन दिवसांनी..."

"सुरी."

मग शोषायच्या नळीचा गुळगुळ आवाज आला आणि कुणीतरी "रक्त" म्हणालं. यांचा श्वास मला ऐकू येत होता, जिना चढल्यावर येतो तसा. आणि मग ते बोलले. "घे. तू संपव."

हात बदलला. मला तो पोटात कळला. दुखत नव्हतं, पण इतका वेळ आत कुणीतरी धडपडत होतं, ते थांबलं. आफरीनने रक्त थांबवलं. एका झटक्यात पित्तनलिकेत गेली, खडा काढला, स्वादुपिंडाच्या वाटेत बारीक नळी ठेवली, सूज आली तरी रसाला वाट राहावी म्हणून. "सुजेवर इंडोमेथॅसिनची गोळी खालून द्या, सलाईन जोरात सोडा, आत्ताच," ती भराभर सांगत होती.

मी दुसऱ्या टुंगची वाट बघत होते.

तो वाजला नाही. यांच्या चपलांचा आवाज दाराबाहेर गेला.

*

त्याच संध्याकाळी पोटात आग पेटली ती पाठीतून बाहेर निघाली. आफरीनने ठेवलेल्या नळीने मी मेले नाही, एवढंच. स्वादुपिंड निम्म्याहून जास्त सडलं. नाकात नळी, पोटात नळी, ताप उतरायचं नाव नाही, साखरेसाठी आता जन्मभर इन्शुलिन. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मारून टाका. एकदा नर्सला तसं म्हणालेही. वेदनेने माणसाची लाज जाते. लोकांसमोर मी गुरासारखी ओरडले आहे.

हे बाहेर नातेवाइकांना सांगत होते, "केस अवघड होती. शेवट आफरीनच्या हातात गेला." शब्द न् शब्द खरा! माझी नणंद उशाशी बसून रडायची, "त्या पोरीनं वाटोळं केलं गं वहिनी तुझं." मला बोलायला त्राण नव्हतं. आणि आफरीनचं नाव पडद्यावर तळाला गेलं, लाल अक्षरांत. लाल नावाला महाराष्ट्रात दुर्बीण धरता येत नाही.

ती मला भेटायला आली तेव्हा दुपार होती. दाराशीच उभी राहिली.

"ये," मी म्हटलं. "मला सगळं ऐकू येत होतं."

ती जागेवर रडायला लागली.

"रडू नकोस, माझ्याकडे तेवढा वेळ नाही. यांनी दुसरं कार्ड का नाही लावलं?"

"काकू, पद्धतच आहे ती युनिटमध्ये." तिने ओढणीने नाक पुसलं. "कार्ड ज्युनियरने उघडायचं. केस चांगली झाली की सर मिटवतात, त्यांच्या कार्डाने. बिघडली की नाही मिटवत."

"प्रत्येक वेळी?"

"आधी कधीतरीच. सरांचे हात थरथरायला लागल्यापासून प्रत्येक वेळी. बहुतेक केसेस आम्हीच करतो. चांगल्या झालेल्या त्यांच्या."

मला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं. मशीनमध्ये साठवलेला माझ्या नवऱ्याचा हात हा त्यांचा हातच नव्हता. त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या दिवसांची ती बेरीज होती. आणि आफरीनच्या नावावर त्यांची थरथर साठलेली. माझ्या जुळ्यावर शंभरात एकोणतीस वेळा जो हात घसरला तो माझ्या नवऱ्याचा होता.

"आणि तुम्ही मुकाट सोसलंत? दगड होतात का सगळे?"

"तक्रार केली तर म्हणतील आकडा वाईट म्हणून रडते." ती माझ्या पायांकडे बघत होती. "आणि काकू, पहिल्यांदा दुर्बीण सरांनीच दिली हातात. माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं."

शिकवलं होतं खरं. मीच वाढलं होतं त्या दिवशी.

*

हे आले तेव्हा मी दाराकडे तोंड करूनच पडले होते.

"चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलात, तेव्हा विचारलं होतं मी. म्हणालात, बोटं गारठतात."

यांनी खुर्ची ओढली. उजवा हात मांडीखाली घातला.

"चुकून दुसऱ्याच्या नावावर गेलेली केस डॉक्टरला मागून घेता येते ना?" मी म्हटलं. "माझी मागून घ्या. माझ्या केसला तुमचं कार्ड लावा."

"त्रिशला, आकडा पडला तर हे हॉस्पिटल पडेल. किती घरं यावर चालतात तुला माहीत आहे. आफरीन तरुण आहे. भरून काढेल."

"कशाने? दुर्बीण धरायला बंदी आहे तिला!"

"मी तुला आधी म्हटलं होतं, तिच्याकडे जा. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलंत. का ते नाही म्हटलंत."

हे रडले. मला वाटलं, आता लावतील. इतकी वर्षं ओळखते, रडला की हा माणूस वितळतो. पण डोळे पुसून म्हणाले, "औषधाच्या गुंगीत ऐकलेलं कुणी खरं धरत नाही, माहीत आहे ना? म्हणजे तू बाहेर काही बोललीस तरी." हे त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवत सांगितलं. हात थरथरत होता.

त्या माणसाची मला किळस आली. आणि तो उठून गेला तेव्हा परत यावा असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

पुढे पोटात पूची पिशवी झाली. जठराच्या भिंतीतून दुर्बिणीने छेद घेऊन ती रिकामी करायची, म्हणजे पुन्हा तेच टेबल. मी म्हटलं, कडी दातांत नंतर, आधी तुमचं कार्ड वाजवा, मला ऐकू द्या. मी दात आवळून पडले. यांनी कार्ड खिशातून काढलं, बघितलं आणि सिस्टर रूथला म्हणाले, "मनःस्थिती ठीक नाही हिची. पूर्ण झोपवा."

उठले तर पोट हलकं होतं. ताप नव्हता. हे शेजारी बसलेले, पेढ्यांचा बॉक्स टेबलावर.

"आफरीननेच केलं," म्हणाले. "तुला हवं होतं ना? ती आता विजापूरला असते, तिथून मागच्या दाराने बोलावून घेतलं. तुझ्यासाठी आली. फार सुंदर केलं."

"आणि कार्ड?"

"तिचं चालत नाही आता." पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडली. "माझंच लावावं लागलं."

पेढे कशाचे होते ते मला बाहेर आणल्यावर कळलं. पडद्यावर सगळ्यात वर, डॉ. भरतेश मगदूम, पावणेदोनचा आकडा दीड झाला होता.

*

घरी न्यायच्या दिवशी हेच माझी चाकाची खुर्ची ढकलत होते. हॉलमध्ये जतहून आलेली एक बाई पडद्याखाली उभी होती. वय पंचविशीचं, डोळे हळदीसारखे, कडेवर वर्षाची मुलगी. बरोबर सासू. यांना बघून दोघींनी हात जोडले. मग ती बाई माझ्याजवळ वाकली.

"तुमी बी ह्येंचाच हात घेतला न्हवं? माजं बी तेच हाय, खडा. लई भ्या वाटतंय वो."

खुर्ची थांबली. यांची बोटं माझ्या खांद्यामागे मुठीवर होती. मला त्यांची थरथर दांड्यातून कळत होती.

"ह्यांचा हात घेतला," मी म्हटलं, मोठ्याने, "म्हणून या खुर्चीत आहे. बाई, ऐक माझं. यांचे हात कापतात. तो आकडा खोटा आहे. आफरीन शिकलगार आता विजापूरला आहे, कर्नाटकात तिला बंदी नाही, तिच्याकडे जा. आत्ताच्या आत्ता निघ."

तिने सासूकडे बघितलं. सासूने पडद्याकडे बघितलं, वरून खालपर्यंत, बोट फिरवत. तळाला पोचली.

"अवो बाई," ती मला समजावत म्हणाली, "ते तर तांबड्यातलं नाव हाय."

"आजी, मी बायको आहे यांची! मी ऐकलंय! या कानांनी ऐकलंय!"

"तिला अजून अधूनमधून ताप असतो," हे मृदू आवाजात म्हणाले.

"आसूं दे, आसूं दे. आजारानं माणूस आसं बोलतंय." सासूने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. आमच्याकडे दृष्ट काढतात तशी. मग सुनेला म्हणाली, "जा गं. पयला हात हाय. नशीब लागतंय मिळायला."

यांनी माझी खुर्ची दुर्बिणीच्या खोलीशेजारी भिंतीला लावली. "एवढी एक केस आहे. मग आपण घरी जाऊ," म्हणाले. खोलीच्या दाराशी एक नवा मुलगा उभा होता, कडक इस्त्रीचा कोट, गळ्यात नवंकोरं कार्ड. यांना बघून त्याने वाकून नमस्कार केला.

ती बाई आत गेली. जाताना तिने मुलगी सासूकडे दिली. सासूला थर्मास भरून आणायचा होता. तिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, "जरा धरा हं," म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मुलीने माझ्या इन्शुलिनच्या पट्टीशी खेळायला सुरुवात केली.

दाराआडून यांचा आवाज आला. "कार्ड उघड."

टुंग.

मी मुलीला घट्ट धरलं आणि दुसऱ्या आवाजाची वाट बघत बसले.